बिनओरखड्याचा माल

दुकानदारानं खोकं उघडलं अन् पहिलीच डिस्क उजेडात धरली. परदेशातल्या मेहुण्यानं त्याच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानासाठी वापरलेल्या गेम पाठवल्या होत्या, अन् एकेक डिस्क आरशासारखी. डबी शाबूत, आतल्या माहितीपुस्तिकेला घडीसुद्धा नाही. जुना माल असा असतो होय? इथं जुनी गेम म्हणजे डबी बेपत्ता, अन् डिस्कवर मांजरानं नखं मारल्यासारखे ओरखडे. पाणी कुठंतरी मुरत होतं. नकली माल विकला असं एकदा तोंडातोंडी झालं, की दुकानाला टाळंच.

त्यानं फोन लावला. "खरं सांग, कुठं छापल्यास?"

"दाजी, इकडं पुस्तिका नसली तर दुकानवाला जुनी गेम विकत घेत नाही. म्हणून लोक जपतात. हात धुऊन डिस्क काढतात."

"हात धुऊन? गेम खेळतात का ऑपरेशन करतात?"

"माझ्या भावावर संशय घेताय?" बायको आतून म्हणाली.

"भावावर नाही गं, मालावर."

सगळ्या डिस्क त्यानं मशीनवर लावून बघितल्या. बिनतक्रार चालल्या. तरी मनातली पाल चुकचुकतच राहिली.

अन् तो एकटाच नव्हता. रोजचं गिऱ्हाईक टायरवाला आला, डिस्क उजेडात फिरवली अन् खाली ठेवली. "जुनी म्हणतोस, अन् एक ओरखडा नाही? शेट, मला टोपी घालू नकोस." त्याचं बघून बाकीचेही यायचे, डबी उघडायचे, एकमेकांकडं बघायचे, निघून जायचे. शेजारच्या चहावाल्यानं तर हळूच विचारलं, "पोलिसांचं लफडं नाही ना?"

शेवटी एका दुपारी दुकानदारानं शटर अर्धं ओढलं. डब्या, पुस्तिका माळ्यावर फेकल्या. भांड्यांची घासणी घेतली अन् प्रत्येक डिस्कवर हलक्या हातानं फिरवली. खरा माल खरा वाटावा म्हणून खराब करायचा. जीव तुटत होता, पण हात थांबला नाही.

टायरवाल्यानं परत उजेडात धरली. "हां. ही असली." दोन घेऊन गेला. मग रांगच लागली.

मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. "दाजी, ताई सांगत होती, कालपर्यंत तर कुणी हात लावत नव्हतं. आज माल उठला कसा?"

"लोकांना पटलं."

"एखादी उरली असेल तर दाखवा बरं."

दुकानदारानं डिस्कची चित्राची बाजू पुढं धरली.

"उलटी करा ना, दाजी."

"रेंज नाही रे इथं," म्हणत त्यानं फोन कापला.