वाळवी न लागलेलं लाकूड

"झुल्या, हा माणूस हसतोय कशाला?"

भिकमशेठनी खोक्यातला कागद माझ्या नाकासमोर धरला. त्यावर अक्षर एक नाही, नुसती चित्रं. टोपीवाला गोरा माणूस लाकडी घर उभं करतोय आणि सगळे दात दाखवतोय.

"त्याने धुळ्याचा मे महिना पाहिलेला नाही शेठ, म्हणून."

शेठ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांना हसवणं हा माझा जुना धंदा. त्यांच्या सत्तरीला मी दारात लग्नाचा बँड आणून उभा केला होता. आधी शिव्या दिल्या, मग स्वतःच नाचले.

परसात तीन खोकी फोडून पडली होती. त्यांच्या मुलाने, श्रेयांसने, बेंगळुरूहून मागवून पाठवलेलं रोपांचं घर. आठ खांब, ढीगभर पट्ट्या, वर लावायला पारदर्शक पत्रे आणि स्क्रू फिरवायला एक वाकडी चावी. तीस वर्षं सुतारकी करतोय मी. ती चावी हातात घेतली आणि कुणीतरी खुळखुळा दिल्यासारखं वाटलं.

"हे पत्रे लावले तर आत पापड वाळतील, शेठ. हिरवी जाळी लावू."

"काय लावायचं ते लाव. वेल वाचली पाहिजे."

सगळा खटाटोप त्या वेलीसाठी होता. धनकुंवरकाकूंनी, म्हणजे शेठच्या बायकोने, सावद्याहून आणलेली पानवेल. काकू स्वतः पान खात नसत. पण गल्लीत सत्यनारायण असो की साखरपुडा, पानं त्यांच्याच परसातून जायची. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मागच्या उन्हाळ्यात वेलही भाजली, पावसाळ्यात कशीबशी गुडघ्याएवढी फुटली. आणखी एक उन्हाळा तिला झेपणार नव्हता. म्हणून वेल होती तिथेच, तिच्याभोवती हे घर उभं करायचं होतं.

मी खांबांचे खड्डे घेतले. शेवटच्या खड्ड्यात वाळवी निघाली. पांढरी, वळवळती.

"थांब, थांब!" शेठ खुर्चीवरून उठलेच. चालताना मुंग्यांची रांग आडवी आली तर ती संपेपर्यंत उभा राहणारा माणूस तो. "खड्डे बुजव हळूच. दगडी ठोकळे आण आणि त्यावर खांब बसव. मातीला लाकूड लागायला नको, म्हणजे ते जीवही येणार नाहीत."

"बरं शेठ."

ठोकळे आणायचे म्हणजे टेम्पो. शिवाय खांब धरायला लोखंडी पट्ट्या, वेल्डिंगवाला. दोन दिवस हकनाक गेले असते. शेठ दुपारी प्रवचनाला गेले. मी कृषी केंद्रातून औषधाची बाटली आणली, बादलीत कालवली आणि आठही खड्ड्यांत ओतली. संध्याकाळी शेठ आले तेव्हा खांब उभे होते.

"ठोकळे?"

"खालीच घातलेत. खोल गेलेत, दिसायचे नाहीत."

"आणि हा वास कसला?"

"अळशीचं तेल. लाकूड फॉरेनचं, तेल पण फॉरेनचं."

"ते जीव कुठे गेले?"

"त्यांना म्हटलं, मालक कडक आहे, त्या रिक्षावाल्या योगराजकडे जा. गेले बिचारे."

शेठ हसले. "तुझं काही खरं नाही, झुल्या."

तिसऱ्या दिवशी घर झालं. शेठनी गल्लीला शिरा खायला बोलावलं. हिरव्या सावलीत वेल अशी काही उभी, की शेजारच्या मंदाबाईने पदर डोळ्याला लावला. शेठ सगळ्यांना सांगत होते, "झुल्याचं काम आहे." मग रिक्षावाल्या योगराजने खांबाला अंगठा लावून पाहिला.

"चिडाचं नरम लाकूड आहे भो. वर्षाच्या आत वाळवी खाईल."

माझं काम आणि वाळवी खाईल? माझ्या पोटात तसंही काही टिकत नाही.

"काय खाईल? एकेका खड्ड्यात बादलीभर औषध ओतलंय! शेठला सांगितलं, अळशीचं तेल! वाळवीचं आख्खं खानदान साफ!"

गल्ली खदखदली. मी शेठकडे पाहिलं. आता तेही हसतील, पाठीत धपाटा घालतील. त्यांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

"आठही खड्ड्यांत?"

"अहो शेठ, मुंग्याच त्या..."

"तुला ठोकळे आण म्हटलं होतं मी."

बस. एवढंच. आत गेले.

त्या जिवांचं प्रायश्चित्त म्हणून शेठनी तेला केला, म्हणजे लागोपाठ तीन उपवास. पंच्याहत्तरीचा माणूस, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. माझी बायको बेबाबाई माझ्यावर तडकली. "तुमले काही समजस का? धरम शे तो तेस्ना. जा, पाय धरा!"

गेलो. दार अर्धंच उघडलं.

"चुकलं शेठ. उद्या सगळं उपटतो. ठोकळ्यांवर बसवून देतो."

"आता कोणासाठी?" शेठ म्हणाले. "ते माझ्या जागेत राहत होते, झुलाल."

उपवास सोडल्यावर त्यांनी स्वतः खुरपं घेऊन वेल उकरली, तेलाच्या डब्यात लावली आणि मागच्या दाराशी आणून ठेवली. त्या जमिनीवर पुन्हा पाय ठेवला नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला. शेठ दुपारभर खुर्ची टाकून डब्यापाशी बसायचे, हातात काकूंची फुलाफुलांची छत्री, वेलीवर धरलेली. सावलीचं घर पाच पावलांवर.

एकदा मला राहवलं नाही. भिंतीवरून ओरडलो, "आत ठेवा हो शेठ! मेलेली वाळवी काय चावणारे का वेलीला?"

तेव्हासुद्धा मला मस्करीच सुचली. त्यांनी छत्री वेलीवर जरा खाली घेतली. महिना संपायच्या आत वेलीची वाळून दोरी झाली.

पर्युषण संपलं की शेठ दरवर्षी गल्लीत घरोघर हात जोडून जातात. मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफी. माझ्या दारात आले की म्हणायचे, "आधी तू माग रे झुल्या, तुझी यादी लांबलचक." मग चहा, मग तासभर टवाळी.

यंदा मी सकाळीच दाढी केली. खुर्ची पुसली. बेबाबाईने बिनआल्याचा चहा ठेवला, त्यांना आलं चालत नाही म्हणून. शेठ आले. पायरीच्या खालीच थांबले, हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, झुलालजी."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला जी लावला. हात जोडायचे असतात हे आठवेपर्यंत शेठ शेजारी पोचले होते.

"काय मंदे," तिकडून आवाज आला, "वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडलीस, आता माफ कर!" आणि मंदाबाई हसली, शेठही हसले.

ते घर अजून उभं आहे. आत काही नाही. परवा शेठ प्रवचनाला गेले तेव्हा मी भिंतीवरून वाकून कोपऱ्यातल्या खांबावर टिचकी मारली. खणखणीत वाजला. वीस वर्षं त्याला काही होत नाही.