समोरच्या दाताची छटा

सकाळी पावणेसातला पिठीने मागच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी उघडली, काच ओल्या फडक्याने पुसली आणि भट्टीचे बटण दाबले. भट्टी पाव भाजायच्या यंत्राएवढीच होती, पण तिला तापायला चाळीस मिनिटे लागत. तेवढ्या वेळात करायची कामे ठरलेली होती. रबरी वाडग्यांतले कालचे प्लास्टर वाडगे वाकवून फोडायचे. काचेवर वाळलेली पोर्सेलिनची भुकटी खरवडून टाकायची, कारण शिळी भुकटी ताजीत मिसळली की दातात बुडबुडे येतात. ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून त्यांना टोक आणायचे. मग रांगेने मांडलेले जबड्यांचे साचे नखाने टिचकी मारून पाहायचे. वाळलेला साचा खणखणतो, ओला मुका राहतो. प्रत्येक साच्याखाली एक चिठ्ठी : कोणता दात, कोणती छटा, कोणत्या दंतवैद्याकडे पोचवायचा.

घरामागच्या या लांबट खोलीत तिचे वडील शहरातल्या सात दंतवैद्यांसाठी दात बनवत. चार वर्षांची असताना ती प्लास्टरच्या पिंपात बसलेली सापडली, तेव्हापासून घरात तिचे नाव पिठी पडले होते. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शाळेआधीचे दोन तास इथे काम करत होती.

सव्वासातला बाबा चहाचा कप घेऊन आले. त्यांनी डोळ्यांवर भिंग चढवले, तिने काल रचलेला दात खिडकीपाशी धरला आणि म्हणाले, "हं."

बाबांचे 'हं' दोन प्रकारचे होते. लांब निघाला की काम पुन्हा करायचे. आजचा आखूड होता.

"किंचित वाकडा ठेवलायस."

"शेजारचा वाकडा आहे. हा एकटा सरळ ठेवला, तर माणूस हसला की आधी हाच दिसेल."

"हं," बाबा पुन्हा म्हणाले. मग कप खाली ठेवून, "सरांनी निबंध दिला म्हणे काल. दाखव की."

सरांनी सुधारून दिलेल्या निबंधाचे पाकीट तिने मुद्दामच भुकटीच्या डब्यांमागे सारून ठेवले होते. शाळेतले मार्गदर्शक सर शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांचे कॉलेजचे अर्ज भरत. मुले चुका करतात म्हणून प्रत्येकाचा पासवर्ड त्यांच्या निळ्या वहीत लिहिलेला असे. कॉलेजांचा क्रम तेच लावत, निबंध तेच सुधारत, शिफारसपत्र तेच लिहीत आणि मुदतीच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी एकामागून एक अर्ज पाठवून देत. ही पद्धत इतकी जुनी होती की अर्ज आपला आपण भरता येतो, हे मुलांना माहीतच नसे. आज त्याच्या आदला गुरुवार होता.

बाबांनी कागद खिडकीपाशी नेला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'एका अंधाऱ्या, कोंदट खोलीत, दिवसेंदिवस क्षीण होत जाणाऱ्या दृष्टीने माझे वडील...'" ते थांबले. "क्षीण? अगं, परवा तुझ्या आईला सुईत दोरा मी ओवून दिला!"

"पुढे वाचा."

"आणि अंधार कुठून आणला? ही खोली घेतलीच मुळी या खिडकीपायी."

आई कामावरचा गणवेश घालून, केसांत पिन खोचत दारात उभी होती. ती बस आगारात वेळापत्रक लावायची. "यात मी आहे की नाही?"

"आहेस," पिठी म्हणाली. "तिसऱ्या परिच्छेदात पदराने डोळे पुसतेस."

"मी?" आईने आपल्या पँटकडे पाहिले. "पदर कुठला म्हणायचा?"

बाबा हसले नाहीत. ते शेवटच्या ओळींपर्यंत पोचले होते. 'वडिलांच्या अपूर्ण आयुष्याला अर्थ देण्यासाठी मला दंतवैद्य व्हायचे आहे.' त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. खाली कॉलेजांची यादी होती. "बाकी काय वाट्टेल ते असो," ते म्हणाले, "पण दंतवैद्यकीचं कॉलेज पहिलं लावलंय, ते बरोबर आहे."

"मी सिरॅमिक्सचा विभाग पहिला लिहिला होता. त्यांनी तिसरा केला."

"चांगलं केलं."

"आणि माझा निबंध अख्खा खोडला."

तिचा निबंध एका दाताविषयी होता. गेल्या हिवाळ्यात कोर्टातून निवृत्त झालेल्या एका लघुलेखिका बाईंचा समोरचा दात बसवायचा होता, आणि रंग जुळवायला दंतवैद्याने त्यांना इथेच पाठवले होते. बाबा माल पोचवायला गेले होते, दिवस मावळत आला होता आणि बाईंना थांबायला वेळ नव्हता. तेव्हा पिठीने ट्यूबलाइटखाली छटांची पट्टी त्यांच्या ओठाशी धरून रंग ठरवला. या धंद्यात अगदी नवखाच करील अशी ती चूक होती. दात सुरेख झाला. आठ दिवसांनी बाई परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "पोरी, हा दात खोलीत माझा आहे, रस्त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी." खरेच होते. दिव्याखाली जुळणारा दात उन्हात करडा दिसत होता. पिठीने तो चार वेळा नव्याने केला. प्रत्येक खेपेचे भट्टीचे तापमान, थरांची जाडी आणि कोणत्या उजेडात काय दिसले हे तिने लिहून ठेवले. चौथ्या खेपेला दात जुळला. पण एकच भुकटी दोन उजेडांत दोन रंग का दाखवते, हे बाबांना सांगता आले नाही आणि शाळेतल्या पुस्तकातही सापडले नाही. त्या प्रश्नावर तिने दोन पाने लिहिली होती.

मधल्या सुट्टीत ती सरांच्या खोलीत गेली. सर उभ्याउभ्याच डबा खात होते. बसायच्या खुर्चीवर फायली होत्या. भिंतीवर आजवर नामांकित कॉलेजांत गेलेल्या मुलांचे फोटो ओळीने लावलेले होते आणि शेवटच्या ओळीत जागा सोडलेली होती.

"सर, हा निबंध माझा नाही."

"अर्थातच नाही," सर घास गिळत म्हणाले. "तुझा होता तो तर मला वाचवेना. चूक कबूल करतं का कुणी अर्जात? म्हणे, मी चुकीची छटा निवडली! अगं, प्रवेश मागतेयस की माफी?"

"मी प्रश्न विचारलाय त्यात."

"निवड समितीला प्रश्न नको असतात, बाळ. त्यांच्यापुढे चार हजार अर्ज असतात. वाचणाऱ्याच्या घशाशी आवंढा आला पाहिजे, तर तो कागद बाजूला ठेवतो. एकवीस वर्षं हेच करतोय मी. ती वरची बघ, चष्म्यातली. बाप शिंपी. त्याला मी आंधळा केला निबंधात. आज ती सर्जन आहे."

"त्या शिंप्याने वाचला होता का तो?"

सरांचा चमचा डब्यातच राहिला. ते वाईट माणूस नव्हते. एकशे चाळीस मुले आणि एकटे ते. दर वर्षी पंधरा-वीस मुले खरोखरच त्यांच्यामुळे कुठे ना कुठे लागत. पण हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता.

"माझे बाबा आंधळे नाहीत," पिठी म्हणाली. "त्यांचं आयुष्य अपूर्ण नाही. ते दिवसाला सहा दात करतात आणि त्यातला एकही परत येत नाही. परत आला तो माझा. तेवढंच मला लिहायचंय."

"आणि क्रम? तुझ्या गुणांवर दंतवैद्यकी मिळते आणि तू मागतेस काय, तर मातीचा विभाग! ते कॉलेज कुठे आहे, ठाऊक आहे? तिथे गेलेल्या एकाचाही फोटो नाही इथे."

"जागा आहे की," ती म्हणाली. शेवटच्या ओळीकडे तिने पाहिले, तेव्हा आपण उद्धटपणा केला हे तिला कळले. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

सरांनी डब्याचे झाकण लावले. "हे बघ. उद्या तीनपर्यंत विचार कर. माझा निबंध, माझा क्रम, तर माझं पत्र. नाहीतर पत्र नाही. आणि पत्राशिवाय या शाळेतलं एकही मूल आजवर कुठे लागलेलं नाही. मी घाबरवत नाहीये. आहे ते सांगतोय."

ते खरेच सांगत होते. ग्रंथालयात जाऊन तिने सिरॅमिक्स विभागाची माहितीपुस्तिका पुन्हा उघडली आणि या वेळी बारीक अक्षरातल्या अटी एकेक करून वाचल्या. सातवी अट अशी : 'शिफारस करणारी व्यक्ती नातेवाईक नसावी आणि तिने अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे.' शिक्षक असा शब्द कुठेही नव्हता, आणि अर्ज शाळेनेच भरावा असेही कुठे म्हटलेले नव्हते. तिने ते वाक्य दोनदा वाचले. सरांनी तिचे काम कधीच पाहिले नव्हते. ज्यांनी पाहिले होते, त्या ते रोज तोंडात घेऊन फिरत होत्या.

शाळा सुटल्यावर ती थेट लघुलेखिका बाईंकडे गेली. त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी साक्ष द्यायची?"

"हो, आजी."

"आजी म्हणू नकोस, बाई म्हण. साक्षीत नातं आलं की वकील धरतात." त्यांनी टंकलेखन यंत्रावरचे झाकण काढले. "चूक केलीस, तेही लिहीन हं मी. गाळणार नाही."

"लिहाच. तेच लिहा."

"चार खेपा केल्या, तेही. आणि तिसऱ्या खेपेला तू रडलीस, ते?"

"ते नको."

"बरं. ते कामकाजातून वगळलं." बाईंची बोटे चालू लागली आणि शेजारच्या खोलीतले मांजर उठून बाहेर गेले.

संध्याकाळी बाबा पाणी मारून टेबल धूत होते. पिठीने त्यांना सातवी अट सांगितली, बाईंचे पत्र दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि पुन्हा धुऊ लागले.

"वीस वर्षं मी दवाखान्यांच्या मागच्या दाराने जातोय," ते पाठमोरेच म्हणाले. "डबा खिडकीतून द्यायचा, चिठ्ठी घ्यायची. पेशंटला वाटतं, दात डॉक्टरनेच केला. तू दंतवैद्य झालीस, तर पुढच्या दाराने जाशील. एवढंच मनात होतं माझ्या."

"बाबा, मला त्या दवाखान्यात कुठल्याच दाराने जायचं नाही. ही भुकटी अशी का वागते, ते मला शोधायचंय. तुम्हाला कळायला नको?"

"मला कळून काय करायचंय? मी खिडकी उघडतो."

"आणि ढग आले की?"

बाबांचा फडका थांबला. ढगाळ दिवशी रंगाचे काम बंद ठेवावे लागे, आणि दंतवैद्यांचे फोन येत राहत. मग लांब 'हं' निघाला. पिठीने मान खाली घातली.

"सर पत्र देणार नाहीत. नाही लागलीस कुठेच, तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवीन. तोवर इथे दात आहेतच."

बाबांनी फडका पिळला, दांडीवर वाळत घातला, त्याच्या कडा जुळवल्या. "तिथे," त्यांनी विचारले, "भट्टी केवढी असते?"

"माणूस आत उभा राहील एवढी."

"काहीतरीच."

"फोटो आहे. दाखवू?"

"आधी हात धू," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून भिंग काढले.

शुक्रवारी पावणेसातला पिठीने खिडकी उघडली, काच पुसली, भट्टी चालू केली. मग वाडग्यांना हात न लावता ती बाबांच्या जुन्या संगणकापुढे बसली. सरांना दिलेला पासवर्ड तिने आधी बदलला. कॉलेजांच्या यादीत सिरॅमिक्सचा विभाग पहिला लावला, आणि त्याच्याखाली तिला खरोखर जावेसे वाटणारी आणखी दोन कॉलेजे. दंतवैद्यकी काढून टाकली. निबंधाच्या जागी आपली दोन पाने आणि शिफारस म्हणून बाईंचे पत्र जोडले. शिफारसकर्त्याचा व्यवसाय या रकान्यात तिने लिहिले : निवृत्त लघुलेखिका. अर्जदाराशी संबंध : समोरचा दात. मग ते खोडून लिहिले : ग्राहक. सगळे पुन्हा एकदा वाचले आणि अर्ज पाठवला. भट्टी अजून तापायची होती. तिने वाडग्यांतले प्लास्टर फोडले, काच खरवडली, ब्रशांना टोक आणले.

शाळेत सरांच्या खोलीत कुणी नव्हते. निळी वही टेबलावर उघडी होती आणि वर सरांचा चष्मा ठेवलेला होता. तिने चष्मा बाजूला केला, आपल्या नावाची ओळ शोधली. पासवर्डच्या रकान्यावर पट्टीने एक सरळ रेघ मारली आणि शेवटच्या रकान्यात, जिथे सर तारीख घालत, तिथे नीट अक्षरात लिहिले : 'अर्ज स्वतः भरला.' खाली सही केली.

शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग चष्मा होता तसा ठेवला आणि तासाला गेली.