बगळ्याचं डावं शिंग

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, मित्रांनो. छातीवर मिरवायचा बिल्ला नव्हे. गाडीच्या नाकावर, बॉनेटच्या अगदी पुढच्या टोकाला बसवतात ना, तो. गॅरेजवाले मला मोनोग्राम म्हणतात. ज्या पिकअपवर मी बसलो आहे ती माझ्याहून म्हातारी. गोल दिवे, जाड पत्रा, आणि चढ लागला की खोकत खोकत वर जाणारी. तिच्या कंपनीने तिला स्वतःच्या नावाचा बिल्ला लावूनच पाठवलं होतं. मी मात्र कंपनीचा नाही. मी खोडदच्या भगवंततात्यांच्या हौसेचा आहे.

माझा आकार बैलाच्या डोक्याचा. वाटेल त्या बैलाच्या नव्हे, तात्यांच्या बगळ्याच्या. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सुरूच होत नाही.

बगळ्या तात्यांनी बेल्ह्याच्या बाजारातून आणला, तो दुसरं कुणी घेईना म्हणून. वासरू असताना गव्हाणीच्या फटीत त्याच्या डाव्या शिंगाचा कोंब अडकला होता, आणि पुढे ते शिंग वाढलं तेच मुळी वाकडं. उजवं सरळ आभाळाकडे आणि डावं भलतीकडेच वळलेलं. बाजारातले जाणते लोक म्हणाले, "भाऊ, असलं जनावर दारात बांधू नये." तात्या म्हणाले, "दारात बांधाया कोन नेतंय? घाटात पळवायचाय."

आणि बगळ्या पळाला. यात्रेच्या घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, चार बैलांचा गाडा सुटला की लाऊडस्पीकरवाला ओरडायचा, "आला आला, वाकड्या शिंगाचा आला!" ज्या शिंगापायी त्याला कुणी घेत नव्हतं त्याच शिंगावरून त्याला आंबेगाव-जुन्नरची सगळी गावं ओळखू लागली. लोणीच्या यात्रेत तात्यांचा गाडा घाटाचा राजा ठरला, तेव्हा माणसं गुलालात न्हाऊन पिकअपच्या बॉनेटवर चढून नाचली. त्या नाचात कंपनीचा बिल्ला तुटून कुठे गेला, तो कुणाला सापडला नाही. गाडीचं नाक नकटं झालं. साळुबाई, म्हणजे तात्यांच्या घरच्या, म्हणाल्या, "नवा आना की." तात्या म्हणाले, "कंपनीचं नाव कशापायी मिरवायचं? पळाला कोन, कंपनी का बगळ्या?"

ओतूरला तेव्हा भिमाजी नावाचे एक म्हातारे ओतारी होते. देवांचे टाक आणि देवळांच्या घंटा ओतणारे. तात्यांनी त्यांना खोडदला आणलं आणि गोठ्यात बगळ्यासमोर बसवलं. मेणाचा गोळा हातात घेऊन भिमाजी दिवसभर त्याच्याकडे बघत होते. बगळ्याने मान हलवली की म्हणत, "पावणं, जरा दमानं घ्या." डावं शिंग त्यांनी कितीदा मोडलं आणि कितीदा पुन्हा वळवलं. शेवटी तात्या म्हणाले, "बास. आता बगळ्या झाला." मग मेणावर माती चढली, मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत बगळ्याच्या गळ्यातल्या फुटक्या घुंगरांचं पितळ ओतलं गेलं. म्हणजे जन्मायच्या आधी मी त्याच्याच गळ्यात वाजत होतो.

मित्रांनो, ती वर्षं सुखाची होती. पुढे नाकावर मी आणि मागच्या हौद्यात बगळ्या, असे आम्ही यात्रेला निघायचो. वाटेत पोरं गाडीमागे धावायची. साळुबाई मला देवांच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून घासायच्या. त्या घासण्याने माझ्या नाकपुड्या बुजल्या, कपाळावरचा गोंडा पुसट झाला, पण शिंगाला काही झालं नाही. मी उन्हात असा झळकायचो, की समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर हसून हात करायचा. मला वाटायचं, आता हे असंच चालणार. आमच्यासारख्या वस्तूंना अक्कल थोडीच असते?

मग कोर्टाच्या हुकुमाने शर्यती बंद झाल्या. का झाल्या, बरोबर की चूक, ते मोठ्या माणसांनी बोलावं. मी एवढंच पाहिलं, की बगळ्या गोठ्यात उभा राहून राहून जड झाला. यात्रेचे दिवस आले की कान टवकारायचा आणि पिकअपकडे बघायचा. तात्या त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे, "पुढच्या साली, बगळ्या. पुढच्या साली नक्की." ते पुढचं साल आलंच नाही. एका उन्हाळ्यात त्याने चारा सोडला. डॉक्टर आले, सलाईन लावलं, आणि बगळ्या गेला. तात्यांनी त्याला स्वतःच्या वावरात पुरलं. पुढे शर्यती परत सुरू झाल्या. गावोगावी गुलाल उधळला गेला. आमचा गोठा मात्र रिकामाच राहिला, कारण तात्यांनी दुसरा बैल घेतला नाही.

बगळ्याचा फोटो म्हणावा तर एकच, यात्रेच्या फ्लेक्सवर छापलेला. उन्हाने तो पांढरा फटक पडला आणि कुणीतरी कांद्याच्या चाळीवर झाकायला नेला. म्हणून बगळ्याचा चेहरा राहिला तो फक्त माझ्याजवळ. भादवी पोळ्याला सगळं गाव आपापले बैल धुऊन, रंगवून मिरवतं. त्या सकाळी तात्या ताटात हिंगूळ घेऊन चिंचेखाली उभ्या असलेल्या पिकअपकडे यायचे. माझ्या शिंगांना लाल हिंगूळ लावायचे, माझ्या तोंडाला पुरणाच्या पोळीचा घास टेकवायचे आणि डाव्या शिंगाच्या वळणातून अंगठा फिरवत उभे राहायचे. लोक हसत. "तात्या लोखंडाला पोळी चारतोय राव." तात्यांना त्याचं काही नव्हतं. वर्षातली ती एक सकाळ त्यांना बगळ्या परत मिळायचा. ती सकाळ माझ्या शिंगावर टिकून होती, हे मला कळत होतं.

यंदा त्यांचा मुलगा आदेश, चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहे तो, घरी आला आणि म्हणाला, "तात्या, गाडी गंजून चाललीय. मी नवी करून आनतो. पोळ्याला दारात हुबी करतो का न्हाई बगा." मनाने चांगला मुलगा. बापाच्या डोळ्यांत पुन्हा थोडं तेज यावं, यापलीकडे त्याला काही नको होतं. तात्या नुसते हो म्हणाले. बिल्ल्याला हात लावू नका, असं काही बोलले नाहीत. असं सांगावं लागतं, हेच त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

गाडी ओतूरला समाधानच्या गॅरेजात गेली. समाधान जुन्या गाड्यांच्या साजशृंगाराचा वेडा. कुठल्या गाडीला कुठली पट्टी, कुठली जाळी, कुठल्या अक्षरांचं नाव, हे बघण्यात त्याला जेवणाची शुद्ध राहत नाही. त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून दिव्यांच्या कड्या शोधून आणल्या. दारावरची हरवलेली चकाकती पट्टी मिळेना, तर स्टीलची पट्टी हाताने ठोकून तशीच बनवली. सडका पत्रा कापला, नवा जोडला, खड्ड्यांत लांबीची पुटी भरली, घासली, पुन्हा भरली. गाडीला जुना निळा रंग चढला. म्हातारी शिंगं मोडून वासरांत शिरली म्हणा ना! मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू?

मग त्याने मला उचकटून हातात घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. त्याचं बोट माझ्या डाव्या शिंगावर थांबलं. "अरारा," तो म्हणाला, "कुठंतरी धडकलाय वाटतं. शिंग पार दुमडलंय." बिचाऱ्याने बगळ्याला कधी पाहिलंच नव्हतं. शर्यतींच्या काळात तो मुंबईला काम शिकत होता. त्याने आदेशला फोन लावला. आदेश मशीनच्या आवाजात उभा होता, मागे सायबाची हाक चालू होती.

"आदेशभाऊ, म्होरच्या बिल्ल्याचं काय करू? वाकलाय."

"समदं नव्यासारखं करून टाका. गाडीत कायबी वाकडं ठिवू नका. पोळ्याच्या आत पायजे बरं का!"

आदेशच्या डोळ्यांपुढे तेव्हा गाडीचा चेपलेला मडगार्ड असणार. वाकडं म्हटल्यावर त्याला तोच आठवला असणार. त्याने फोन ठेवला.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! समाधानने मला शेगडीवर तापवलं आणि लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने, एकेक ठोका मोजून मापून, ते शिंग सरळ केलं. राग नाही, घाई नाही, लेकराचा पाय चोळावा तशी माया. आत एक बारीक चीर गेली ती त्यालाही दिसली नाही. मग पुण्याला नेऊन मला निकेल चढवलं. परत आलो तो आरशासारखा. दोन्ही शिंगं सारखी, आभाळाकडे. समाधानने मला बॉनेटवर बसवलं, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि म्हणाला, "आता कसा बैल दिसतोय!" बैल दिसत होता खरा. कुठलाही.

पोळ्याच्या सकाळी गाडी दारात आली. गल्ली गोळा झाली. समाधानही मुद्दाम आला होता, आपल्या कामाचं कौतुक तात्यांच्या तोंडून ऐकायला. साळुबाईंनी चाकांवर पाणी ओतलं. तात्या नवी टोपी घालून, ताटात हिंगूळ आणि पोळी घेऊन बाहेर आले. रंग बघून हसले, दारावरच्या पट्टीवरून हात फिरवला. मग माझ्यासमोर आले. सवयीने अंगठा डाव्या शिंगाकडे गेला आणि हवेतच राहिला.

त्यांनी तोंड जवळ आणून मला निरखलं. मग हळूच म्हणाले, "ह्यो कोन?"

आदेशने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने बगळ्याला पाहिलं होतं, त्याला न्हाऊ घातलं होतं. "तात्या... म्या मडगार्डाचं म्हनत व्हतो..." करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

तात्यांनी ताट खाली ठेवलं. दोन्ही हातांनी ते शिंग धरलं आणि वळवायला लागले. समाधान ओरडला, "तात्या, थंड पितळ हाये, नका!" पण चीर आधीच होती. टक्‌ करून शिंग त्यांच्या हातात आलं.

समाधान पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते. "मी जोडून देतो, तात्या. पयल्यासारखं वाकडं करून जोडतो. भिमाजी न्हाईत, पर मी करतो. फकस्त सांगा, कसं व्हतं?"

"खाली वळल्यालं," आदेश म्हणाला, "गालाकडं."

"न्हाई रं," साळुबाई म्हणाल्या, "डोळ्याकडं व्हतं. म्होरं येऊन डोळ्याकडं."

"न्हाई आई, आदी खाली, मग आत."

दोघं तात्यांकडे बघायला लागले. समाधानही. तात्यांनी डोळे मिटले. अंगठा हवेत वळवून पाहिला, एकदा असा, एकदा तसा. पुन्हा पहिल्यापासून.

"मला येत न्हाई," तात्या म्हणाले. "दर पोळ्याला हात लावत व्हतो ना. ध्यानात ठिवायचं कारनच न्हाई पडलं."

ते शिंग त्यांनी ताटात हिंगुळाशेजारी ठेवलं आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी पोळी खाल्ली नाही.

समाधानने शेवटी शिंग सरळच जोडलं. वाकडं कसं करायचं हे कुणी सांगू शकलं नाही, मग काय करणार? आता लग्न ठरलेली जोडपी आमच्या गाडीला टेकून फोटो काढतात, मागे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या आभाळाकडे तोंड केलेल्या मोठाल्या तबकड्या. कुणी तरी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतं, "मस्त बैल आहे." आदेश त्या वेळी बाजूला होऊन मोबाइलमध्ये बघत राहतो. तात्या गाडीजवळून जावंच लागलं तर मागच्या अंगाने जातात.

मित्रांनो, तुम्हीही पुढे जुन्या वस्तू हातात घ्याल, दुरुस्त कराल. करा. समाधानसारख्या मायेने करा. पण काही वाकडं दिसलं, तर हत्यार उचलायच्या आधी त्या घरात जाऊन विचारा, की हे मोडलं आहे की असंच होतं? सांगणारा माणूस समोर असतो तोवर विचारा, आणि त्याला पक्कं आठवतं तोवर विचारा. मला विचारून उपयोग नाही. ते शिंग माझंच होतं, मित्रांनो, पण ते कसं वळलं होतं हे आता मलाही सांगता येत नाही.