सतरा नंबरचं पोर्ट

सावाई बेटावरच्या त्या लहानशा इस्पितळात यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते मिळत ते समुद्रापलीकडच्या आपिया शहरातून. नवं यंत्र जोडलं की ते पत्ता मागे, इस्पितळाच्या तारा सांभाळणाऱ्या लुपेचा स्विच ती मागणी आपियाच्या सर्व्हरकडे पोचवी आणि तिथून आलेला पत्ता यंत्राच्या हाती देई. भलत्याच कुणी खोटे पत्ते वाटू नयेत म्हणून लुपेने त्या सकाळी स्विचवर पहारा बसवला: केबल खोचायच्या ज्या पोर्टाला विश्वासू ठरवलंय, त्यातून आलेलंच उत्तर आत घ्यायचं.

दुपारी तिच्या आईच्या खाटेशी हृदयावर नजर ठेवणारं नवं यंत्र लागलं. थोड्याच वेळात आईची नाडी अडखळली, नर्सांच्या खोलीत घंटा वाजली आणि नर्स फेतू धावत गेली म्हणून म्हातारी वाचली.

"तुझ्या तारांनी वाचवलं गं आईला," कोको ओतत फेतू म्हणाली. "आता पुन्हा कामाची कुरकुर केलीस तर बघ!"

लुपेचे डोळे भरून आले. देवाचे आभार मानतच ती स्विचपाशी परतली आणि पडद्यावरच्या नोंदी वाचू लागली. आपियाकडच्या पोर्टाला विश्वासू ठरवायचंच ती विसरली होती. सकाळपासून तिकडचं एकही उत्तर आत आलं नव्हतं, त्यानंतर जोडलेली सगळी यंत्रं मुकी होती. आईच्या यंत्राला मात्र पत्ता मिळाला होता, सतरा नंबरच्या पोर्टातून. तेवढं एकच विश्वासू होतं, आणि ते तिने ठरवलेलं नव्हतं.

तिने वाकून पाहिलं. सतरात केबलच नव्हती. दिवा मात्र लुकलुकत होता.

चूक तिने लगेच सुधारली. बाकीच्यांना आपियाहून पत्ते मिळाले. आईच्या यंत्राने आपला सोडला नाही. त्या पत्त्याची मुदत सरत आली की सतरातूनच ती वाढवून मिळे. इतकं थकलेलं हृदय चालतंय कसं, याचं डॉक्टरांना रोज नवल वाटे. लुपे मनातून हात जोडी.

मग आपियाहून तिच्या साहेबांचा, इओआनेंचा फोन आला.

"रिकामी पोर्टं बंद करायची, नियम आहे ना? सतरा कुणासाठी उघडं ठेवलंयस, पाहुण्यांसाठी?"

"रिकामं नाहीये ते."

"मला तर रिकामंच दिसतंय. काही असेल तर जोड, नाहीतर मी इथूनच बंद करतो."

लुपेने एक केबल घेतली आणि सतरात खोचली. दुसरं टोक कशाला जोडावं तिला कळेना. शेवटी, बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जाताना वाकतात तशी वाकून तिने ते जमिनीवर ठेवलं आणि मनापासून म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे."

पलीकडून कुणीतरी ते टोक अलगद उचलून घेतलं.