सुई ठेवलेली घरं

अचलपूरच्या अब्दुल सत्तार पिंजाऱ्याचा एक नियम होता आणि तो त्यानं उभ्या जन्मात मोडला नाही. गादी भरून झाली, शेवटचा टाका पडला, चहा पिऊन झाला की तो आपली वीतभर लांब सुई घरातल्या बाईपुढे धरायचा. "ठेवता काय, भाभी?" एवढंच विचारायचा. तिनं सुई ठेवून घेतली, तर चार-पाच वर्षांनी गादी दबली की सत्तारभाईनं न बोलावता दार वाजवावं, असा त्याचा अर्थ. सुई परत दिली, तर त्या दारावरून तो शंभरदा सायकल हाणत गेला तरी घंटीसुद्धा वाजवायचा नाही.

त्याची मुलगी शाइस्ता लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या सायकलवर मागं बसून गावोगाव हिंडली होती. आजोळ बार्शीटाकळीचं, त्यामुळं लग्नसराईत महिनाभर मुक्काम तिकडेच पडायचा. कुणाच्या तरी ओसरीत अब्बाची पिंजण टणत्कार करायची आणि दबून दगड झालेली रुई बघता बघता पुरुषभर उंच व्हायची. शाइस्ता त्यात उडी मारायची. बाहेर यायची तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झालेली असायची, आणि बाया म्हणायच्या, "सत्तारभाई, तुमची पोट्टी म्हातारी झाली की हो." मग कुणीतरी तिला आंब्याच्या रसाची वाटी द्यायचं. तो रस आणि नाकात गेलेली रुई, दोन्ही तिला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

सुई ठेवून घेतलेलं प्रत्येक घर अब्बा एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. पैशाचा आकडा त्यात औषधालाही नव्हता. 'पार्वताबाई, बार्शीटाकळी. धर्मेंद्रच्या बारशाची गादी. घरचा कापूस. सुई हाय.' असंच सगळं.

पुढं दिवस पालटले. त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव पेपरात रोज यायचं, आणि चांगल्या कारणानं कधीच यायचं नाही. लग्नं आटोपशीर झाली. लेकीसोबत चार गाद्या धाडणारी घरं एकीवर आली, मग तीही गेली आणि तिथं फोमची गादी आली. घरचा कापूस गादीपुरता बाजूला काढून ठेवणं कुणाला परवडेना. सायकल भिंतीला टेकली. अब्बानं पिंजण्याचं मशीन घेतलं होतं, ते आठवड्यातून एखाद्या दिवशी चालायचं. त्यातच नसीमबानो, शाइस्ताची अम्मी, गेली, आणि अब्बाचा खोकला वाढला.

शाकीब, शाइस्ताचा थोरला भाऊ, नागपूरला नोकरीला होता. २०१२च्या रमजान ईदला तो आला आणि जेवताना म्हणाला, "अब्बा, मशीन विकून टाकू. अकोल्याचा एक जण घ्यायले तयार हाय. तुमी नागपूरले चाला. ही रुई तुमच्या छातीत बसून राहिली." घरात सगळे वऱ्हाडीच बोलायचे, चाळीस वर्षं गावोगाव फिरून अब्बाची जीभच तशी झाली होती आणि पोरांनी ती उचलली होती.

अब्बानं भाकरीचा तुकडा मोडला तो ताटातच ठेवला. शाइस्ताला ते बघवेना.

"भाईजान, दिवाळीपर्यंत थांब," ती म्हणाली. "मी नेटवर गाद्या विकते. पन्नास ऑर्डरी आणते. मंग पिंजायले मानूस ठेवू. अब्बा नुसते टाके घालतीन."

"अन नाई आल्या तं?"

"तं मीच तुले फोन करते, घेऊन जा म्हनून."

शाकीब हसला, पण माणूस वाईट नव्हता. जाताना आपला जुना लॅपटॉप तिला देऊन गेला. बी.कॉम. झालेल्या शाइस्तानं परतवाड्याच्या एका नेट कॅफेवाल्याला धरून वेबसाइट उभी केली. अब्बाचा टाके घालतानाचा फोटो टाकला. पंधरा दिवस वाट पाहिली. एक चौकशी आली, तीही सोफा विकता का म्हणून.

मग तिनं कुठंतरी वाचलं की दुकान चालवायचं तर आधी ईमेलची यादी वाढवावी लागते. यादी पाहिजे ना? यादी तर बाजारात मिळते. अकोल्याच्या एका दुकानात पंचवीस हजार पत्त्यांची सीडी मिळत होती. शाइस्तानं ती आणली आणि झाडून सगळ्यांना एकच पत्र धाडलं, 'अस्सल कापसाच्या गाद्या, आजच मागवा.' त्या दिवशी तिला वाटलं, आता पन्नास काय, पाचशे येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ईमेलचं खातं बंद झालेलं होतं. बंद होण्याआधी रात्री आलेली उत्तरं तेवढी तिनं वाचली होती. कुणी शिव्या घातल्या होत्या. गुजरातच्या एका माणसानं विचारलं होतं, माझा पत्ता तुला दिला कुणी? त्या प्रश्नावर मात्र शाइस्ताला रडू आलं.

अब्बा अंगणात खोळ शिवत बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. ईमेल म्हणजे काय हे त्याला अर्धंमुर्धंच कळलं, पण जे कळायचं ते बरोबर कळलं.

"पंचवीस हजार घरं," तो म्हणाला. "त्यायच्यातल्या कोनी आपली सुई ठेवली होती काय?"

"नाई, अब्बा."

"मंग तू त्यायच्या दारात गेलीच काहून?"

आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. लहानपणापासून तिनं त्याला हजारदा सुई पुढं धरताना पाहिलं होतं आणि ऐन वेळी तीच विसरली. तिनं सीडी मोडली, चुलीत टाकली आणि फळीवरची लाल वही खाली काढली.

दुसऱ्या दिवसापासून ती एसटीनं फिरू लागली. आधी अचलपूरच्या आसपासची गावं, मग थेट बार्शीटाकळी. दारात उभं राहून सांगायची, "मी सत्तारभाईची शाइस्ता." पुढं काही सांगावं लागत नसे. "तीच काय वं, रुईत उड्या मारनारी?" असं म्हणत लोक तिला आत घ्यायचे.

पार्वताबाईंनी तर उतरंडीमागून चिंधी काढली. चिंधीला तेल लावलेलं होतं आणि आत सुई, काल ठेवल्यासारखी चकचकीत. "गंजू नाई म्हनून दर दिवाळीले तेल लावतो," त्या म्हणाल्या. "तुहा बाप येईन म्हनत होती मी. आला नाई. म्हटलं, बरा हाय की नाई कोन जाने."

अब्बानं सायकल भिंतीला टेकवली ती आता कुणी बोलावणार नाही म्हणून, आणि इथं ही बाई वाट बघत सुईला तेल लावत होती.

पार्वताबाईंना ईमेल ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी पुण्याला इंजिनियर असलेल्या लेकाला, धर्मेंद्रला, फोन लावला आणि मोबाइल शाइस्ताच्या हातात दिला. "जय भीम," तो म्हणाला, आणि तिनं पत्र धाडू का असं विचारल्यावर त्यानं पत्ता एकेक अक्षर करून सांगितला. तिनं तो वहीत, त्याच्या बारशाच्या नोंदीशेजारी लिहिला.

सगळीकडे असंच झालं असं नाही. एका गावात माणिकबाईंनी सुई शोधून आणली आणि परत तिच्या हातावर ठेवली. "आता पोट्ट्यायले फोमच लागते, माय. उगाच तुले आशेवर कायले ठेवू?" शाइस्ता पाणी प्याली, त्यांना सलाम करून उठली. गल्लीच्या टोकापर्यंत ती सुई मुठीत धरून चालत गेली. अब्बालाही दर वेळी असंच वाटत असेल, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

महिनाभरात एकशे अठरा पत्ते झाले. पुणे, मुंबई, हैदराबाद, एक दुबईचा. कुठं पंचवीस हजार आणि कुठं एकशे अठरा. पण या वेळी तिनं एकच पत्र सगळ्यांना धाडलं नाही. अब्बा वही वाचून सांगायचा आणि ती प्रत्येकाला त्याच्या घराचं लिहायची. धर्मेंद्रला लिहिलं, 'तुमच्या बारशाच्या गादीत तुमच्याच शेतातला कापूस होता. तुमच्या आईनं सरकी स्वतः काढली होती. आमची सुई अजून तुमच्या घरी आहे.' प्रत्येक पत्राच्या खाली, पुढं पत्रं नको असतील त्यांच्यासाठी, एक ओळ होती: सुई परत करायची असल्यास इथे दाबा.

उत्तरं येऊ लागली आणि बहुतेकांत ऑर्डर नव्हतीच. कुणी लिहिलं, त्या गादीवर आम्ही पाच भावंडं आडवी झोपायचो. कुणी लिहिलं, आजी गेली ती त्याच गादीवर. धर्मेंद्रनं मात्र आठवणीसोबत कामही धाडलं. आईकडची ती जुनी गादी आणा, पिंजा, आणि त्याच रुईची माझ्या लेकीसाठी छोटी गादी करा, असं त्यानं लिहिलं. शाइस्ता एकेक पत्र अब्बाला मोठ्यानं वाचून दाखवायची. तो टाका घालता घालता थांबायचा. "अजून एकदा वाच," म्हणायचा.

एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "शाकीबचं नाव टाकलं काय यादीत?"

"टाकू काय?"

अब्बानं सुतात गाठ मारली. "नोको," तो म्हणाला. "त्यानं कुठं ठेवली सुई? पोरगा असला म्हनून काय झालं. नियम नियम असते."

शाइस्ताला रागच आला त्याचा. रोज सकाळी नागपूरच्या फोनची वाट बघायची आणि वर नियम सांगायचा. पण तिनं नाव टाकलं नाही.

दिवाळी आली. पणत्या शेजारी लागल्या आणि शाइस्तानं ऑर्डरी मोजल्या. एकतीस. पुन्हा मोजल्या, तरी एकतीसच. शब्द म्हणजे शब्द. तिनं नागपूरला फोन लावला आणि आकडा सांगितला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाज फुटलाच. शेवटी पार्वताबाईंच्या चिंधीतल्या सुईचंही सांगितलं. पलीकडून शाकीब म्हणाला, "रविवारी येतो. मशीनवाल्यालेही बोलावून ठेवतो."

रविवारी सकाळी अब्बानं मशीन पुसलं. पट्टा काढून पुन्हा नीट बसवला, लग्नाच्या मुलीचा पदर सारखा करावा तसा. शाइस्ताला तिकडं बघवेना म्हणून ती लॅपटॉप उघडून बसली. वेबसाइटवर एक अर्ज येऊन पडला होता. गादीची मागणी, एक नग, पिंजून पाहिजे. अर्जात तिनं एक प्रश्न मुद्दाम ठेवला होता: तुमच्या घरी आमची सुई आहे का?

तिनं वाचलं, आणि लॅपटॉप तसाच उचलून अंगणात गेली.

"अब्बा, एक ऑर्डर आली. वाचू?"

"आता वाचून काय करतं," अब्बा म्हणाला. पण पुसायचं थांबवलं.

"गाव नागपूर," ती वाचू लागली. "सुई हाय काय, तं लिवलं, हाय. नोकरीले निघालो त्या दिवशी अम्मीनं पेटीत ठेवली होती. म्हने, अब्बाले सांगू नोको, तुले कवा यावं वाटलं तं लाज नाई वाटली पाहिजे. दहा वर्षं माह्यापाशी हाय. मशीनवाल्याले नाई म्हनून सांगितलं. दुपारच्या गाडीनं येतो, गादी संग घेऊन."

अब्बा हातातलं फडकं घेऊन उभाच राहिला. मग आत गेला, लाल वही आणि पेन घेऊन आला आणि मशीनच्या फळीवर वही ठेवून शेवटच्या पानावर सावकाश लिहू लागला. शाइस्तानं त्याच्या खांद्यावरून वाचलं.

'शाकीब अब्दुल सत्तार, नागपूर. नसीमबानोनं दिली. सुई हाय.'