तोगाशींच्या पायरीवरची पाने

मी एक जुना मेपल आहे. मित्रांनो, जपानमधल्या आमच्या कानाझावात मला सगळे मोमिजी म्हणतात. माझ्या मालकीण चिझुरूबाई, त्यांच्या सासऱ्यांनी मला कुंडीतून काढून अंगणाच्या कोपऱ्यात लावले, तेव्हा मी काठीएवढा होतो. तो कोपरा त्यांनी विचार करून निवडला होता. दुपारनंतरचे ऊन घराच्या भिंतीने अडते, म्हणून माझी पाने कडेने करपत नाहीत. उन्हाळ्यात ते माझ्या मुळांशी पाणी घालत आणि बर्फ पडण्याआधी, त्याच्या भाराने मोडू नयेत म्हणून, फांद्या दोरीने वर बांधून ठेवत. ते गेल्यावर हे सगळे चिझुरूबाई करू लागल्या. कुरकुर करत, पण एकही हिवाळा न चुकवता.

शरदात रात्री गार पडू लागल्या की मी शेंड्यापासून लाल होत खाली येतो. जाणारे-येणारे थांबून फोटो काढतात. मला त्याचा थोडा गर्व आहे, तो मी कशाला लपवू? पण लाल झालेले पान शेवटी गळतेच, आणि माझी सर्वांत मोठी फांदी कुंपणावरून थेट शेजारच्या तोगाशींच्या दारावर गेली होती.

आमच्या गल्लीत सकाळी आपले दार झाडायचे आणि शेजाऱ्याच्या हद्दीत झाडूचा एक हात जास्त मारायचा. तेवढेही न करणारा माणूस चिक्कू ठरतो आणि त्याहून जास्त करणारा आगाऊ. तोगाशी हे निवृत्त बसचालक, एकटेच राहणारे. ते आपले दार लख्ख झाडत, पण दगडी पायरीवर पडलेली माझी पाने तशीच राहू देत. चिझुरूबाईंनी त्याचा एकच अर्थ घेतला.

"बघ, मुद्दाम ठेवलीत," त्या मला म्हणायच्या. "तोंडाने बोलणार नाहीत, पण पसारा कोणाचा ते बरोबर दाखवणार. आणि मेल्या, तुला काय, टाकलंस की मोकळा!"

मग त्या रोज पहाटे गुपचूप जाऊन ती पायरीही झाडू लागल्या. तोगाशी चहाचा पेला घेऊन दार उघडत आणि स्वच्छ दगड पाहून हिरमुसून आत जात. बाईंना आपला आळस खटकतो, असे त्यांच्या मनाने घेतले. ते ओशाळून मिठाईचा डबा घेऊन येत आणि कमरेत वाकून नमस्कार करत. त्या डब्याने बाई आणखी खजील होत. मला दोन्ही घरे दिसत होती, पण मला कुठे बोलता येते?

यंदा बाईंचे गुडघे धरले. पहाटे जाणे जमेना. तोगाशींना आपल्या झाडाचा कचरा काढायला लावणे त्यांना बरे दिसेना. शेवटी त्यांनी माळ्याला बोलावले आणि मी लाल होण्याआधीच माझ्या सगळ्या फांद्या उतरवायला सांगितल्या. आमच्याकडे पुष्कळ घरी असेच करतात. झाडाचा खांब उरतो, पण शेजारी दुखावत नाही. मित्रांनो, मी फार भ्यालो होतो.

माळ्याने आधी शेजारच्या दारावरची फांदीच धरली. ती कडाडून खाली आली, तसे तोगाशी चपला उलट्यासुलट्या घालून बाहेर धावले.

"अहो, थांबा, थांबा! आजारी पडलाय का तो?"

"नाही हो, तोगाशीसान," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पानांचा त्रास व्हायचा ना..."

"मी कधी तक्रार केली?"

"नाही केलीत, म्हणून तर!"

तोगाशी पडलेल्या फांदीजवळ वाकले. "ती पानं मी बघायला ठेवत होतो," ते म्हणाले. "चहा पिताना बरं वाटायचं. तुम्ही झाडून टाकायला लागलात, मग कसं सांगणार?"

"तुमचं काय ते ठरवा लवकर," माळी वरून ओरडला. "शिडीवर उभं राहून पाय भरून आलेत माझे!"

माझ्या बाकीच्या फांद्या वाचल्या. घावावर लेप लागला. पुढे थंडी पडल्यावर मी लालही झालो. पण तोगाशींच्या पायरीवर यंदा एकही पान पडले नाही, आणि त्या फांदीचे मला अजून वाईट वाटते. मित्रांनो, झाड जरूर छाटा, पण पाने गळून ते झोपी जाईपर्यंत थांबा. आणि करवत आणण्याआधी शेजाऱ्याच्या दाराची कडी तरी वाजवा. तोडायला तुम्हाला सकाळ पुरते. तेवढी फांदी पुन्हा धरायला मला कितीतरी वर्षे लागतील.

परवा सकाळी चिझुरूबाई काठी टेकत शेजारी गेल्या. त्यांच्या सुपलीत माझी लाल पाने होती. ती त्यांनी दगडी पायरीवर हलक्या हाताने पसरली. तेवढ्यात दार उघडले.

"कचरा आणलाय हो तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या.

तोगाशी पेला हातात धरून खाली वाकले. "असू दे तिथेच. उद्या झाडायला मात्र येऊ नका हं."

मग दोघांनी आपापले दार झाडले आणि ती पायरी तेवढी सोडून दिली.