रिकामी म्हणायचं नाही

मी एक जुनी, स्वस्तातली रायफल आहे. वयाने तशी फार जुनी नाही, पण माझ्या जातीच्या वस्तू लवकर जुन्या होतात. मित्रांनो, दुकानाच्या काचेमागे तुम्ही मला पाहिले असते, तर तुमची नजर माझ्यावर ठरली नसती. दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा, नळीवर घाईने चढवलेला मुलामा, आणि आतल्या प्रत्येक जोडात काही ना काही कसर. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे सगळ्यांनाच घाई होती. मला तपासणाऱ्याने माझ्याकडे पाहिले की घड्याळाकडे, हे मी आजही सांगू शकत नाही.

टेक्ससमधल्या प्लेनो गावातल्या मोरेश्वरने मला विकत घेतले. तो मूळचा नागपूरचा. दिवसभर कंपनीत संगणकासमोर बसायचा आणि बंदुकांचे नाव काढले की लहान मुलासारखा खुलायचा. त्याची बायको प्रीता मात्र मला पाहून जराही खुलली नाही. गॅरेजच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "तुझी हौस तुझ्यापाशी. माझी एकच कंडिशन आहे. घरात असताना ती रिकामी पाहिजे. एकदम रिकामी."

"प्रॉमिस," मोरेश्वर म्हणाला. "घरात रिकामीच असेल."

रिकामे राहायला माझी काहीच हरकत नव्हती. माझी फजिती व्हायची ती भरल्यावर. काडतूस आत सरकताना तिरके होऊन अडकायचे. सरकलेच तर चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज यायचा आणि पुढे काही घडायचे नाही. उडालेच तर रिकामे टरफल बाहेर पडायला नकार द्यायचे. नेमबाजीच्या मैदानावर मोरेश्वरचे दोस्त पोट धरून हसत. "यार, ही विकून टाक, नवीन घे," असे त्याला सगळ्यांनी सांगून पाहिले. तो ऐकेना. मला ठीक केल्याशिवाय सोडायचे नाही, असे त्याच्या मनाने घेतले होते.

मग गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी, माझे दिवस सुरू झाले. तो व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, पुन्हा बघायचा. जुन्या टूथब्रशने मला घासायचा. काडतूस जिथून आत सरकते तो खडबडीत भाग त्याने बारीक पॉलिश पेपरने आरशासारखा केला. एक स्प्रिंग बदलली, ती चुकीची निघाली, म्हणून दुसरी मागवली. खरे सांगते, इतक्या मायेने मला कोणीच हाताळले नव्हते. मी त्याच्यावर जीव टाकू लागले होते.

त्याच वर्षी मोरेश्वरची आई, नंदाबाई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या. त्यांनी येताना खंडेनवमीसुद्धा सोबत आणली. खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पाटावर स्क्रूड्रायव्हरचा संच, प्रीताची सुरी, मोरेश्वरचा लॅपटॉप असे सगळे मांडले गेले. त्यांच्यामध्ये मोरेश्वरने मोठ्या मानाने मला ठेवले. नंदाबाईंचा हात हळदीच्या कोयरीवरच थबकला.

"काळजी नको आई, रिकामी आहे," मोरेश्वर म्हणाला.

"हं! पूजेच्या पाटावर रिकामं म्हणू नये," नंदाबाई म्हणाल्या. "आपल्याकडे तांदूळ संपले तरी संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. सणासुदीला रिकामी नाही म्हणायचं. भरलेली म्हण."

"बरं, भरलेली आहे," तो म्हणाला, आणि सगळे हसले. प्रीतासुद्धा हसली. माझ्या नळीला हळदकुंकू लागले, वर झेंडूचे फूल बसले. ज्या कारखान्याने मला धड एक स्क्रू नीट बसवून दिला नाही, त्याची ही पोर पूजेला बसली होती. त्या दिवशी मला फार धन्य वाटले.

तो शब्द घरात राहिला. मोरेश्वर मैदानावरून आला की प्रीता विचारायची, "भरलेली आहे ना?" तो म्हणायचा, "एकदम भरलेली." दोघे हसायचे आणि मी कपाटात जायचे. नंदाबाई परत गेल्या तरी थट्टा चालूच राहिली. प्रीताने आपल्या अटीसाठी जो एक शब्द निवडला होता, तो त्या घरात हळूहळू कोणी वापरेनासे झाले. माझ्या ते लक्षात येत होते, पण मला तोंड कुठे आहे?

पुढच्या वर्षी नंदाबाई पुन्हा आल्या. माझी दुरुस्ती तोवर संपत आली होती. शेवटी मोरेश्वरने मला नवा चाप बसवला, बोट टेकले की सुटणारा. खंडेनवमीच्या सकाळी तो मला घेऊन शहराबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या रानात गेला. सोबत देवांग होता. देवांग म्हणजे त्यांच्या मित्राचा मुलगा. इथेच जन्मलेला, नुकताच नोकरीला लागलेला, स्वभावाने गरीब. रविवारच्या शाळेत शिकलेले मराठी तो जपून जपून बोलायचा.

त्या सकाळी मी एकदाही अडले नाही. काडतूस सरळ आत, टरफल सरळ बाहेर. मोरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आले. "बघितलंस? शी इज परफेक्ट," तो देवांगला म्हणाला. मग त्याने मला देवांगच्या हातात दिले आणि तो गाडी जवळ आणायला गेला, कारण आभाळ भरून आले होते. देवांगने एक काडतूस आत सरकवले, आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या. नवा चाप त्याच्या ओळखीचा नव्हता. काडतूस काढताना काही चुकेल, अशी त्याला भीती वाटली. त्याने माझी सुरक्षेची कळ लावली, मला तसेच पेटीत ठेवले आणि तो गाडीकडे धावला. काकांना घरी गेल्यावर सांगू, असे त्याने ठरवले. पत्र्यावर गारांचा असा ताशा वाजत होता, की वाटेत कोणाला कोणाचे बोलणे ऐकू येणार नव्हते.

घरी पाट मांडून तयार होता. प्रीता स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. देवांगने दारातूनच सुरुवात केली, "अंकल, बाय द वे, इट्स..."

"आज सण आहे," नंदाबाईंनी त्याला अडवले. "आज घरात मराठी. इंग्लिश बंद."

देवांग थांबला. त्याने मनात शब्द जुळवले आणि नीट, एकेक अक्षर उच्चारत तो म्हणाला, "काका, रायफल भरलेली आहे."

"शाबास," नंदाबाई म्हणाल्या. "बघ मोरू, ह्याला कळतं सणाला काय बोलायचं ते."

मोरेश्वर हसला. "भरलेलीच असणार, बाबा. आज तिचा मान आहे."

देवांगही हसला. काकांना सगळे ठाऊक आहे, असे त्याला वाटले.

मोरेश्वरला एक सवय होती. मला ठेवण्याआधी तो रिकामा चाप ओढायचा, आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून. त्याने मला पेटीतून काढले, सवयीने कळ सरकवली आणि माझे तोंड भिंतीकडे केले. इथल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या पातळ पाट्यांच्या असतात. त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होते.

मित्रांनो, आयुष्यभर मी दगा दिला. मैदानावर दिला, लोकांसमोर दिला, मोरेश्वरने घाम गाळला तरी दिला. त्या क्षणी मला एकदाच दगा द्यायचा होता. नुसता 'टक्' आवाज करायचा होता. पण मला दुरुस्त करणाऱ्याने काही बाकी ठेवले नव्हते.

लाटणे खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतरचे सांगावेसे वाटत नाही.

प्रीता वाचली. गोळी उजव्या खांद्यातून गेली होती. पोलिसांनी मला नेले आणि कोठारात एका फळीवर ठेवले. चौकशीत तो अपघात ठरला. मला कोणी तेल लावले नाही, आणि मला ते नकोही होते. नळीवर हळदीचा एक जुना डाग आहे, तेवढाच सण माझ्यापाशी उरला.

मित्रांनो, तुम्ही वस्तूंची काळजी घेता, त्या पुसता, जपता. शब्दांचीही घ्या. जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे शब्दाला दुसरा अर्थ चिकटू देऊ नका. आणि 'भरलेली' म्हटले की आधी उघडून बघा, मग हसा.

आज मला टेबलावर आणले आहे. समोर मोरेश्वर आणि प्रीता उभे आहेत. परत न्यायची की मोडीत काढायची, असे अधिकाऱ्याने विचारले. "मोडीत," प्रीता म्हणाली आणि तिने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. उजवा हात तसाच लोंबत होता. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे मला उघडून आत बोट फिरवले आणि म्हटले, "इट्स एम्प्टी, सर."

मोरेश्वरने मान हलवली.

"मान नको हलवू," प्रीता म्हणाली. "मराठीत सांग. मोठ्याने."

त्याने माझ्याकडे पाहिले.

"रिकामी आहे," तो म्हणाला.